पायीं पोहोंचण्याजोगें घर

जून महिना लागतो, शाळा-महाविद्यालयें उघडण्याचे दिवस जवळ येतात, आणि यवतमाळच्या जुन्या वस्तींतील गल्ल्यांतून एक निराळीच वर्दळ दिसूं लागते. दारव्ह्याकडून आलेला एखादा शेतकरी मुलीचें नांव अकरावीच्या वर्गांत घालून तिच्यासाठीं एक खोली पाहत असतो. नुकतीच बदलून आलेली एखादी परिचारिका दोन खोल्यांची जागा विचारीत फिरत असते. एखादा निवृत्त शिक्षक गांवाकडील घर मुलाच्या स्वाधीन करून, डॉक्टर आणि औषधें हाताशीं असावींत म्हणून, शहरांत येऊं पाहत असतो. चौकांतील पानठेल्यावर, किराणा दुकानांत, देवळाच्या पायरीवर एकच प्रश्न पुनःपुन्हां ऐकूं येतो, "इकडे किरायानं एखादं घर भेटंल का?" वऱ्हाडांत भाड्याला किराया म्हणतात आणि भाडेकरूला किरायदार. शब्द कोणताही असो, प्रश्नाचें स्वरूप एकच असतें. तो दिसावयास साधा आहे. परंतु महिन्याचा जमाखर्च, मुलीचें शिक्षण, म्हाताऱ्या माणसाची प्रकृति आणि घरांतील स्त्रीचें स्वातंत्र्य, इतक्या गोष्टी त्याच्या उत्तरावर अवलंबून असतात.

घर शोधणारा मनुष्य बहुधा तीन गोष्टी विचारतो. भाडें किती, खोल्या किती आणि अनामत किती. चौथी गोष्ट फार थोडे लोक विचारतात, ती म्हणजे, या घरापासून नित्याच्या कामाच्या जागीं पायीं जातां येईल काय? भाडें दर महिन्याला एकदां द्यावें लागतें. अंतर मात्र दररोज, आणि दिवसांतून अनेक वेळां, मोजावें लागतें. म्हणून अंतर हें देखील भाड्याचाच एक भाग आहे, असें समजून घर पाहणें शहाणपणाचें ठरतें.

यवतमाळ हें मुळांत पायीं फिरण्याजोगें गांव होतें. ऐन-इ-अकबरींत या परगण्याचा उल्लेख योत-लोहारा या नांवानें आला आहे. यवतमाळ या नांवांतील 'माळ' हा 'महाल' शब्दाचा अपभ्रंश होय, असें जुन्या गॅझेटिअरांत म्हटलें आहे. आणि लोहारा हें गांव आजहि शहराच्या पश्चिमेस आहे. इंग्रजी अमदानींत हा जिल्हा बराच काळ वणीच्या नांवानें ओळखला जात असे. १९०५ सालीं त्याला यवतमाळ हें नांव मिळालें. १९०१ च्या शिरगणतींत गांवाची वस्ती अवघी साडेदहा हजारांच्या आसपास होती. १९०३ सालीं मूर्तिजापुराहून यवतमाळपर्यंत अरुंद मापाची आगगाडी आली. पुढें 'शकुंतला' या लाडक्या नांवानें प्रसिद्ध झालेली ती हीच. तिच्यामागोमाग कापसाचा व्यापार वाढला. सरकी काढण्याचे आणि गठ्ठे बांधण्याचे कारखाने, कचेऱ्या, वकिलांचीं घरें, शाळा, सराफी आणि धान्याचीं दुकानें हीं सर्व एकमेकांच्या हांकेच्या अंतरावर वसलीं. लोकनायक बापूजी अणे यांनीं ज्या काळांत येथें वकिली केली, त्या काळांत गांवाच्या एका टोंकाहून दुसऱ्या टोंकाला जाण्यास वाहनाची गरज कोणास भासत नसे.

आज ती गाडी बंद पडली आहे आणि गांव मात्र चहूंकडे पसरलें आहे. २०११ च्या जनगणनेंत शहराची लोकसंख्या सुमारें एक लाख सोळा हजार भरली. लोहारा, वाघापूर, वडगांव, उमरसरा, पिंपळगांव, भोसा हीं एके काळचीं स्वतंत्र गांवें शहराला येऊन मिळालीं. आर्णी, दारव्हा, धामणगांव, पांढरकवडा या दिशांना जाणाऱ्या रस्त्यांच्या दोहों बाजूंस चाकाच्या आऱ्यांप्रमाणें नव्या वसाहती उभ्या राहिल्या. या वसाहतींतील घरें हवेशीर आणि प्रशस्त असतात, पुढें अंगण व गाडी उभी करण्यास जागा असते, आणि भाडेंहि पुष्कळदां कमी पडतें. उलट दत्त चौक, मेन लाइन, आझाद मैदान, माईंदे चौक, अवधूतवाडी या भागांतील घरें जुनीं, दाटीवाटीचीं आणि त्या मानानें महाग. मग मनुष्यानें कोणतें घर घ्यावें? या प्रश्नाचें एकच उत्तर सर्वांना लागू पडणार नाहीं. परंतु उत्तर काढण्याची रीत मात्र सर्वांना एकच आहे.

प्रथम चालण्याचें माप पाहावें. निरोगी मनुष्य सपाट रस्त्यानें एका मिनिटांत सुमारें ऐंशी मीटर चालतो. म्हणजे पंधरा मिनिटांत बाराशें मीटर झाले. १९२९ सालीं क्लॅरेन्स पेरी या अमेरिकन विचारवंतानें 'शेजार' या कल्पनेची आंखणी केली, तेव्हां त्यानें प्राथमिक शाळा मध्यभागीं ठेविली, आणि कोणत्याहि मुलाला मोठा रस्ता न ओलांडतां तेथें पायीं पोहोंचतां यावें, हा त्या आंखणीचा पाया मानला. अलीकडे, २०१६ सालीं, पॅरिस येथील प्राध्यापक कार्लोस मोरेनो यांनीं 'पंधरा मिनिटांचें शहर' ही कल्पना मांडली. काम, शाळा, बाजार, दवाखाना आणि विरंगुळा हीं सर्व घरापासून पंधरा मिनिटांच्या आंत, पायीं किंवा सायकलीनें, सांपडावींत, असें तिचें सार आहे. यवतमाळच्या जुन्या पेठेंत ज्यांचें बालपण गेलें, त्यांना या कल्पनेंत नवें असें कांहींच वाटणार नाहीं. त्यांची आई सकाळची भाजी, मुलांची शाळा आणि संध्याकाळचें देऊळ या सर्वांना पंधरा मिनिटांतच गांठीत असे.

तथापि परदेशचें माप वऱ्हाडांत जसेंच्या तसें लावून चालणार नाहीं. यवतमाळ समुद्रसपाटीपासून सुमारें ४५० मीटर उंचीवर आहे, त्यामुळें आसपासच्या सखल मुलखाच्या मानानें येथील रात्री जरा सुसह्य असतात हें खरें. परंतु वैशाखांतील दुपारीं पारा चाळीस अंशांच्या पलीकडे जातो, आणि अशा वेळीं पंधरा मिनिटें चालणें ही शिक्षाच होय. म्हणून येथें उन्हाळ्याचें माप निराळें धरावें लागतें. जेथें दुपारीं जावें लागतें असें ठिकाण दहा मिनिटांच्या, म्हणजे आठशें मीटरांच्या, आंत असावें. सकाळ-संध्याकाळचें ठिकाण दीड किलोमीटरपर्यंत असलें तरी चालतें. वृद्ध मनुष्याची चाल मिनिटाला पन्नास-साठ मीटरांपेक्षां अधिक नसते, हेंहि ध्यानांत ठेवावें. शिवाय गांवांतील रस्ते सर्वत्र सपाट नाहींत. बाजाराकडे जातांनाचा उतार परत येतांना, हातांत भाजीची पिशवी असतां, चढ होतो.

अंतराइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे वाटेची अवस्था. पांचशें मीटरांचा रस्ता जर पदपथाशिवायचा, उघड्या नालीच्या कडेनें जाणारा आणि जड वाहनांनीं भरलेला असेल, तर तो एक किलोमीटरच्या शांत गल्लीपेक्षां लांबचा समजावा. भारतीय रस्ते महासभेनें २०१२ सालीं पादचाऱ्यांसाठीं जीं मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं, त्यांत पदपथाची मोकळी रुंदी निदान १.८ मीटर असावी, असें सांगितलें आहे. दोन माणसें एकमेकांना धक्का न लावतां जावींत, चाकांच्या खुर्चीवरील मनुष्यालाहि जातां यावें, हा त्यामागील हेतु. हा पदपथ गांवांत जेथें आहे तेथेंहि दुकानांच्या फळ्या, उभ्या दुचाक्या आणि विजेचे खांब यांनीं तो पुष्कळदां व्यापलेला आढळतो. म्हणून घर पाहणाऱ्यानें कागदावरील अंतरावर विसंबूं नये. त्यानें तीच वाट तीन वेळां चालून पाहावी. एकदां सकाळीं शाळा भरण्याच्या सुमारास, एकदां भर दुपारीं आणि एकदां रात्रीं नऊनंतर. पहिल्या खेपेला गर्दी कळते, दुसऱ्या खेपेला सांवली कळते आणि तिसऱ्या खेपेला दिवे आहेत कीं नाहींत, कुत्र्यांचा उपद्रव कितपत आहे, एकटी मुलगी त्या वाटेनें शिकवणीहून निर्धास्तपणें परत येऊं शकेल कीं नाहीं, हें कळतें.

आतां हिशेब पाहूं जातां असें दिसतें. समजा, गांवाबाहेरील एका वसाहतींत दोन खोल्यांचें घर पांच हजार रुपये भाड्यानें मिळतें आणि तसेंच घर बाजाराजवळ सात हजारांना मिळतें. फरक दोन हजारांचा. बाहेरचें घर कामाच्या जागेपासून सहा किलोमीटर आहे. सकाळीं जाणें, दुपारीं जेवावयास येणें, पुन्हां जाणें आणि संध्याकाळीं परत येणें, असें धरलें म्हणजे दिवसाला चोवीस आणि महिन्याच्या सव्वीस दिवसांत सहाशें चोवीस किलोमीटर झाले. दुचाकी लिटरला पंचेचाळीस किलोमीटर जाते असें मानलें, तर जवळजवळ चौदा लिटर पेट्रोल लागतें. आणि लिटरचा दर शंभर रुपयांच्या वर असल्यानें हा खर्च चौदाशेंच्या पुढें जातो. त्यांत तेल, टायर, विमा आणि दुरुस्ती मिळविली कीं स्वस्त घराची स्वस्ताई जवळजवळ संपते. गाडी हप्त्यानें घेतली असेल तर हप्ता निराळाच. घरांत शिकणारें एक मूल असेल, तर त्याच्या ऑटोचें भाडें किंवा दुसरी दुचाकी यांचा भार पडून हिशेब सरळसरळ उलटतो. याच्या उलट, ज्या घरांतून एकच मनुष्य दिवसांतून एकदांच बाहेर पडतो आणि डबा बरोबर नेतो, त्याला बाहेरचेंच घर परवडेल. प्रत्येकानें आपल्या घरांतील माणसांच्या फेऱ्या मोजाव्या आणि मगच निर्णय करावा. शेजाऱ्याचा हिशेब आपल्या कामाचा नसतो.

पैशांच्या पलीकडचाहि एक हिशेब आहे. जिला दुचाकी चालवितां येत नाहीं अशा स्त्रीला दूरच्या वसाहतींत प्रत्येक लहानसहान कामासाठीं घरांतील पुरुषाची वाट पाहावी लागते. तीच स्त्री बाजाराजवळच्या घरांत आली, कीं दळण, भाजी, बँक, दवाखाना, मैत्रिणीचें घर हें सर्व तिच्या स्वतःच्या पायांच्या आटोक्यांत येतें. म्हाताऱ्या माणसाचें तेंच, आणि दहा वर्षांच्या मुलाचेंहि तेंच. ज्यांच्याजवळ गाडी नाहीं, त्यांना जवळचें घर ही चैन नसून गरज आहे. आणि दुर्दैवानें बहुधा त्यांनाच तें परवडत नाहीं. शहराच्या वाढीचा खरा पेंच हा आहे.

वाट ठीक ठरली म्हणजे मग घराकडे वळावें, आणि यवतमाळांत घर पाहतांना सर्वांत आधीं पाणी पाहावें. २०१८ चा उन्हाळा येथील लोक विसरलेले नाहींत. शहराला पाणी पुरविणारे निळोणा आणि चापडोह हे जलाशय त्या वर्षीं आटले, नळाला कित्येक दिवसांच्या अंतरानें पाणी येऊं लागलें, आणि टँकरमागें धांवणाऱ्या बायामाणसांच्या रांगा गल्लोगल्लीं दिसल्या. बेंबळा धरणाचें पाणी शहरांत आणण्याची योजना त्यानंतर अधिकच निकडीची ठरली. या अनुभवावरून भाडेकरूनें घरमालकाला स्पष्ट विचारावें कीं नळाला पाणी किती दिवसांआड येतें, सांठवणीची टाकी किती लिटरांची आहे आणि ती किती बिऱ्हाडांत वांटली जाते, विहीर किंवा बोअर आहे काय, आणि मे महिन्यांत तिला पाणी असतें काय? शेवटच्या प्रश्नाचें उत्तर घरमालकापेक्षां शेजारची बाई अधिक खरें देते.

त्यानंतर छपराकडे पाहावें. जुन्या वाड्याचीं कवेलूचीं छपरें आणि जाड मातीच्या भिंती उन्हाळ्यांत थंड राहतात. परंतु पावसाळ्यापूर्वी कवेलू फेरले नाहींत तर गळतात. नव्या इमारतींतील सर्वांत वरचा मजला स्लॅबच्या तापण्यामुळें रात्रीं उशिरापर्यंत भट्टीसारखा राहतो. कूलर लावण्यास खिडकी आणि त्यांत घालावयास पाणी आहे कीं नाहीं, विजेचें मीटर स्वतंत्र आहे कीं सामाईक, संडास-न्हाणी बिऱ्हाडाची स्वतःची आहे कीं दोघांतिघांत मिळून, जिना म्हाताऱ्याला चढतां येण्याजोगा आहे कीं नाहीं, हे प्रश्न आधीं विचारण्यांत संकोच मानूं नये. भिडेपोटीं न विचारलेला प्रश्न पुढें भांडणाच्या रूपानें परत येतो.

जागा पसंत पडली म्हणजे कायद्याची बाजू येते, आणि या बाजूचा विदर्भाला स्वतःचा असा इतिहास आहे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ सालीं, मुंबईंत भाड्यावर नियंत्रण घालणारा कायदा झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर घरांची टंचाई सर्व देशभर जाणवूं लागली, तेव्हां मध्यप्रांत-वऱ्हाडांत १९४६ सालीं घरें भाड्यानें देण्याचें नियमन करणारा कायदा आला आणि त्याच्या आधारें १९४९ सालीं प्रसिद्ध भाडे-नियंत्रण आदेश निघाला. या आदेशानें भाडेकरूभोंवतीं एक भक्कम तटबंदी उभी केली. घरमालकाला भाडेकरू काढावयाचा असेल, तर त्याला नुसती नोटीस देऊन भागत नसे. आधीं भाडे-नियंत्रकाकडे जाऊन, तीन महिन्यांचें भाडें थकलें आहे, पोटभाडेकरू ठेविला आहे, किंवा घर स्वतःच्या राहण्यासाठीं खरोखरच हवें आहे, असें एखादें ठराविक कारण सिद्ध करून परवानगी मिळवावी लागे. रिकाम्या होणाऱ्या घराची वर्दी सरकारला द्यावी लागे, आणि तें घर सरकारी नोकराला किंवा निर्वासिताला देण्याचा अधिकार अधिकाऱ्यांकडे असे. १९५६ सालीं विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यांत गेला, १९६० सालीं महाराष्ट्र झाला. तरी हा आदेश विदर्भांत चालूच राहिला. एकाच राज्यांत मुंबईकडे एक, मराठवाड्यांत दुसरा आणि विदर्भांत तिसरा असे तीन भाडे-कायदे नांदत होते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलांत आला, तेव्हां कोठें हे तिन्ही कायदे जाऊन सर्वत्र एक कायदा झाला.

आजच्या भाडेकरूनें या कायद्यांतील मोजक्या गोष्टी जाणून घ्याव्या. घर देण्याचे दोन प्रकार आहेत. पहिला खऱ्या भाडेपट्ट्याचा. यांत भाडेकरूला जागेंत कायदेशीर हक्क उत्पन्न होतो, आणि तो भाडें देत व अटी पाळीत असेपर्यंत कायद्यानें सांगितलेल्या कारणांवांचून त्याला काढतां येत नाहीं. दुसरा 'लीव्ह अँड लायसेन्स' म्हणजे अनुज्ञप्तीचा. यांत राहणाऱ्याला केवळ ठराविक मुदतीपर्यंत जागा वापरण्याची परवानगी असते. मुदत संपल्यावर त्यानें जागा सोडली नाहीं, तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करूं शकतो, आणि तोंपर्यंतच्या काळासाठीं ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दरानें भरपाई द्यावी लागते. आज नव्यानें दिलीं जाणारीं घरें बहुतेक या दुसऱ्याच प्रकारानें दिलीं जातात. सही करण्यापूर्वी आपला कागद कोणत्या प्रकारचा आहे, हें पाहणें म्हणूनच अगत्याचें आहे. पुष्कळांना तें घर सोडण्याची वेळ आल्यावरच कळतें.

अकरा महिन्यांच्या कराराविषयीं एक समजूत फार पसरलेली आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणें एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदविणें सक्तीचें आहे. त्यावरून अकरा महिन्यांचा कागद नोंदवावा लागत नाहीं, असें लोक धरून चालतात. महाराष्ट्रांत ही समजूत चुकीची आहे. १९९९ च्या अधिनियमाच्या ५५ व्या कलमाप्रमाणें भाडेपट्टा असो कीं अनुज्ञप्ति, करार लेखी असला पाहिजे आणि त्याची नोंदणी झाली पाहिजे. मग मुदत कितीहि लहान असो. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. ती टाळणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा पांच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. आणि नोंदलेला कागद नसेल तर, उलट सिद्ध होईपर्यंत, कोणत्या अटींवर जागा दिली याविषयीं भाडेकरूचें म्हणणें ग्राह्य धरलें जातें. अनुज्ञप्तीच्या कागदावरील मुद्रांक शुल्क एकूण रकमेवर शेकडा पाव रुपया, म्हणजे ०.२५ टक्के, इतकें थोडें आहे, आणि नोंदणी आतां संगणकावरून घरबसल्याहि करतां येते. इतक्या अल्प खर्चासाठीं दोघांनीं वर्षभर अनिश्चिततेंत राहावें, यांत शहाणपण नाहीं.

याशिवाय चार गोष्टी ध्यानांत ठेवण्याजोग्या आहेत. दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती देणें हें मालकाचें कर्तव्य आहे. ती मागण्यांत अविश्वास नाहीं. ज्या घरांना हा अधिनियम लागू आहे, तेथील भाडेपट्ट्याच्या भाड्यांत मालकाला दरसाल चार टक्के वाढ करण्याचा हक्क आहे. आवश्यक दुरुस्ती मालकानें करावयाची असते. नोटीस देऊन पंधरा दिवसांत ती झाली नाहीं, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यांतून वळता करूं शकतो, मात्र एका वर्षांत ही वजावट वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापलीकडे जातां कामा नये. आणि वाद कितीहि विकोपाला गेला, तरी योग्य कारणावांचून पाणी किंवा वीज तोडण्याचा मालकाला अधिकार नाहीं. अनामत रकमेला मात्र या अधिनियमानें मर्यादा घातलेली नाहीं. म्हणून ती किती, केव्हां परत मिळावयाची आणि तिच्यांतून काय वजा व्हावयाचें, हें करारांतच शब्दांनीं लिहून घ्यावें. घरांत प्रवेश करण्याच्या दिवशीं भिंतीचे पोपडे, फुटलेली फरशी, नळ व बटणें यांची यादी करून दोघांनीं तिच्यावर सही केली, म्हणजे निरोप घेतांना कटुता राहत नाहीं.

येथें घरमालकाचीहि बाजू न्यायानें पाहिली पाहिजे. यवतमाळसारख्या गांवांत घरमालक म्हणजे कोणी मोठा जमीनदार नसतो. तो पुष्कळदां वरच्या मजल्याच्या भाड्यावर औषधपाणी भागविणारा निवृत्त कारकून असतो, किंवा नवऱ्याच्या मागें उरलेल्या दोन खोल्यांवर घर चालविणारी विधवा असते. भाडेकरू एकदां शिरला कीं निघत नाहीं, ही जुन्या काळची धास्ती अशांच्या मनांत अजून आहे, आणि त्या धास्तीपोटीं बाजाराजवळचीं कित्येक घरें कुलूप लावून पडलेलीं असतात. पायीं पोहोंचण्याजोग्या जागेंतील प्रत्येक रिकामी खोली म्हणजे एका कुटुंबाला गांवाबाहेर ढकलणारी खोली होय. स्पष्ट, नोंदलेला आणि दोघांनीं समजून सही केलेला कागद ही धास्ती जितकी घालवितो, तितकी दुसरी कोणतीहि गोष्ट घालवीत नाहीं.

परंतु कागदाच्या पलीकडची एक अडचण आहे, आणि तिचा उच्चार टाळून हा विषय पुरा होत नाहीं. घर रिकामें असतें, भाडें ठरतें, आणि मग हळूच आडनांव विचारलें जातें. १९१७ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशांतील उच्च शिक्षण घेऊन बडोदें संस्थानच्या नोकरींत रुजू झाले, तेव्हां त्या शहरांत त्यांना राहावयास जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेंत त्यांनीं आपली जात लपवून कांहीं दिवस काढले. ती कळतांच काठ्या घेतलेल्या जमावानें त्यांना तेथून घालवून दिलें, आणि त्या विद्वानाला सार्वजनिक बागेंत बसून रात्रीच्या गाडीची वाट पाहावी लागली. या गोष्टीला शंभर वर्षें उलटलीं. काठ्या गेल्या, "आम्ही तुमच्या लोकांना देत नाहीं", हें वाक्य मात्र कोठें कोठें अजून ऐकूं येतें. कधीं तें जातीवरून असतें, कधीं धर्मावरून, कधीं एकट्या राहणाऱ्या स्त्रीकडे पाहून. असें वाक्य ऐकणाऱ्याला दूरची, अंधाऱ्या वाटेची, वाहनावांचून गैरसोयीची जागा पत्करावी लागते. म्हणजे दुसऱ्याच्या पूर्वग्रहाचें भाडें तो रोज आपल्या पायांनीं भरतो. वेळेवर भाडें देणारा, घर नीट ठेवणारा आणि शेजाऱ्याशीं सौजन्यानें वागणारा, एवढी भाडेकरूची पात्रता पुरेशी मानली गेली, तर गांवांतील अर्धी घरटंचाई वीट न रचतांच दूर होईल.

उरलेली अर्धी गांवानें मिळून दूर करावयाची आहे. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनीं १९१८ सालीं इंदूर दरबाराला जो अहवाल दिला, त्यांत जुन्या गल्ल्या सरसकट पाडून रुंद रस्ते काढण्याच्या धोरणाला विरोध केला होता. जेथें अडचण आहे तेथेंच नेमकी कात्री लावावी, पडकें घर काढून तेथें मोकळी जागा व झाड ठेवावें, आणि माणसांची वसलेली वस्ती मोडूं नये, असा त्यांचा आग्रह होता. यवतमाळच्या जुन्या वस्तीला आजहि हाच उपाय लागू पडतो. उघडी नाली झांकली, पदपथ मोकळा ठेविला, रात्रीचे दिवे लावले, आणि बाजाराच्या वाटेवर कडुनिंबाचीं झाडें वाढविलीं, तर दहा मिनिटांची वाट वैशाखांतहि सुसह्य होईल आणि जुनीं घरें पुन्हां हवींशीं वाटूं लागतील. बाहेरच्या वसाहतींतहि दोन-चार दुकानें, एक शाळा आणि एक दवाखाना चालण्याच्या अंतरांत आला, तर तेथील राहणाऱ्याला प्रत्येक वेळीं दत्त चौक गांठण्याचें कारण उरणार नाहीं.

दारव्ह्याहून आलेला तो शेतकरी शेवटीं एक खोली ठरवितो. ती लहान असते, भाडें त्याच्या अंदाजापेक्षां पांचशें रुपयांनीं जास्त असतें, आणि खिडकीबाहेर बाजाराचा गलबला असतो. परंतु महाविद्यालय आठ मिनिटांवर आहे, वाटेंत दिवे आहेत, कोपऱ्यावर खानावळ आहे आणि खालीं घरमालकीण राहते. तो परतीच्या गाडींत बसतो तेव्हां मुलगी त्याला पोहोंचवावयास आलेली असते, आणि गाडी सुटल्यावर ती एकटीच, कोणाची वाट न पाहतां, पायीं आपल्या खोलीवर परत जाते. वरचे पांचशें रुपये कशासाठीं दिले, हें त्याला त्या वेळीं कोणी समजावून सांगावें लागत नाहीं.